धुतलेल्या कपड्यांना कपाटात कुबट वास का येतो?

कपडे स्वच्छ धुतले, वाळवले, इस्त्री करून घडी घातली आणि कपाटात नीट रचून ठेवले. मधल्या काळात ते कुणी अंगात घातले नाहीत, कुणी हातही लावला नाही. तरी दोन महिन्यांनी कपाट उघडलं की नाकाशी तोच ओळखीचा कुबट वास. दमट घरात राहणाऱ्यांना हे नवीन नाही. पण दर वेळी मन खट्टू होतं, कारण नेमकं काय चुकलं ते कळत नाही.

माझ्या आईची एक लोकरीची शाल अशीच गेली. ती जपायची म्हणून मी सगळ्यांत जास्त काळजी तिचीच घेतली. हलक्या हाताने धुतली, जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवासुद्धा शिरणार नाही अशी गुंडाळली, वर दोन डांबरगोळ्या टाकल्या. वर्षाने पिशवी उघडली तर घडीच्या आतल्या बाजूला राखाडी ठिपके, आणि वास असा की शाल चेहऱ्याजवळ नेववेना. ते ठिपके आजही तिच्यावर आहेत. त्यानंतर मी या विषयात जे वाचलं आणि घरी करून पाहिलं, ते इथे सांगते आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी आधी माहीत असत्या तर शाल वाचली असती.

हा वास नेमका कुणाचा?

कापसाला, लोकरीला स्वतःचा कुबट वास नसतो. तो वास कपड्यावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा असतो. खाऊन-पिऊन ते जी द्रव्यं हवेत सोडतात ती आपल्या नाकाला लागतात. जीव वेगळा तसा वासही वेगळा, आणि वास ओळखता आला तर उपाय अर्धा सापडतो.

तळघरासारखा, ओल्या मातीसारखा वास असेल तर तो बहुतेक बुरशीचा आणि तिच्या जोडीला राहणाऱ्या जिवाणूंचा. त्यातलं एक द्रव्य म्हणजे जिओस्मिन. पहिल्या पावसानंतर मातीला जो हवाहवासा गंध येतो त्यातही हेच जिओस्मिन असतं. आपलं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तिखट आहे: एक लाख कोटी भाग पाण्यात जेमतेम दहा भाग असलं तरी ते अनेकांना जाणवतं. म्हणून डोळ्यांना ठिपका दिसायच्या कितीतरी आधी नाकाला खबर लागते. नाकाने सांगितलं तर ऐकायचं, ‘दिसत तर काही नाही’ म्हणून कपाट बंद करायचं नाही.

दुसरा वास ओल्या फडक्याचा, आंबूस. कपडे घरात हळूहळू वाळले की येतो तो. २०१२ साली जपानी संशोधकांनी याचा छडा लावला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा एक जिवाणू कपड्यात उरलेल्या घामावर आणि तेलकट अंशावर जगतो आणि एक वासाचं आम्ल तयार करतो. हा जिवाणू चिवट आहे, कोरडेपणा आणि ऊन दोन्ही बऱ्यापैकी सोसतो. कपडा वाळला की तो गप्प बसतो, पुन्हा ओल मिळाली की कामाला लागतो. अगदी स्वच्छ वाटणारा टॉवेल ओला होताच घाण वास का मारतो, त्याचं उत्तर हे.

तिसरा वास खवट, जुन्या तेलासारखा. यात कुणी जिवंत नसतं. त्वचेचं तेल धाग्यात उरतं आणि महिनोन् महिने हवेशी संयोग पावत खवट होतं. पांढऱ्या शर्टाची कॉलर ठेवल्या ठेवल्या पिवळी पडते ती यामुळेच.

पहिले दोन वास पाण्याशिवाय होऊच शकत नाहीत. बुरशीचे बीजाणू, म्हणजे तिच्या बियाच म्हणा, प्रत्येक घराच्या हवेत तरंगत असतात. त्यांना घरातून हाकलणं कुणाला जमलेलं नाही. त्यांना अन्न कपड्यात मिळतं, ऊब घरात मिळते, आणि अडवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते ती म्हणजे पाणी.

हवेतलं पाणी: एक संज्ञा, पण नीट समजून घेऊ

हवेत वाफेच्या रूपात पाणी असतंच. किती मावेल हे हवेच्या तापमानावर ठरतं. एक घनमीटर हवा, म्हणजे एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्याएवढी हवा, १० अंश सेल्सिअसला सुमारे ९ ग्रॅम वाफ सामावून घेते. २० अंशांना १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम. हवा तापली की तिच्यात जागा वाढते.

बस डोळ्यांपुढे आणा. गरम हवा ही मोठी बस, गार हवा ही छोटी. प्रवासी तेवढेच, पण मोठ्या बसमध्ये निम्मी आसनं रिकामी राहतात आणि छोट्या बसमध्ये लोक दारात लटकतात. एकूण आसनांपैकी किती भरली आहेत, याची टक्केवारी म्हणजे सापेक्ष आर्द्रता. या लेखापुरतं मी तिला नुसतं ‘दमटपणा’ म्हणेन.

बुरशीला आसनं किती भरली याच्याशीच मतलब असतो. दमटपणा ६५ टक्क्यांच्या खाली राहिला तर कपड्यांवर तिचं सहसा काही चालत नाही. ७० च्या वर जाऊन तिथेच मुक्काम ठोकला तर धोका सुरू होतो, आणि ८० च्या वर काही दिवसांतच वाढ होऊ शकते. म्हणून लक्ष्य ठेवायचं ते ६० च्या आसपास किंवा खाली.

आता छोट्या बसचा मुद्दा कपाटाला लावून पाहू. खोलीच्या मध्यभागी दमटपणा ६५ आहे, सगळं ठीक दिसतं. पण तीच हवा बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे शिरते तेव्हा भिंतीच्या गारव्याने निवते. बस लहान होते, प्रवासी तेवढेच राहतात. तिथे दमटपणा ८० किंवा ९० होतो, आणि खोलीतल्या कुणाला पत्ताही लागत नाही. एकाच घरात एक कपाट वर्षानुवर्षं चांगलं राहतं आणि दुसऱ्यातले कपडे दर वेळी वास मारतात, त्याचं कारण बहुतेक वेळा इथे असतं.

कपाटातलं पाणी कशात असतं?

मला सर्वांत जास्त चकित केलं ते या भागाने.

मीठ सादळतं हे आपण पाहतो. कपडाही सादळतो, फक्त तो चिकट होत नाही म्हणून लक्षात येत नाही. १०० ग्रॅम कोरडं सुती कापड ६५ टक्के दमट हवेत ठेवलं तर साधारण ८ ग्रॅम पाणी शोषून घेतं, तेही हाताला पूर्ण कोरडं लागत असताना. रेशीम ११ ग्रॅमच्या आसपास घेतं. लोकर तर १६ ग्रॅमपर्यंत जाते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही, म्हणून त्याच कपाटात पॉलिएस्टरचं जॅकेट बरं राहतं आणि शेजारचा सुती शर्ट कुबटतो.

हिशोब करून पाहू. कपाटात २० किलो सुती कपडे आहेत. ६५ टक्क्यांना त्यांच्यात १.६ किलो, म्हणजे दीड लिटरहून जास्त पाणी आहे. दमटपणा वाढून ९० च्या आसपास गेला की सूत १०० ग्रॅममागे १२ ग्रॅमपर्यंत पाणी धरतं, म्हणजे एकूण २.४ लिटर. आणि त्याच कपाटातल्या हवेत? कपाट एक घनमीटरचं धरलं आणि हवा ३० अंशांवर काठोकाठ भरलेली धरली तरी फक्त ३० ग्रॅम.

दोन लिटर आणि तीस ग्रॅम. कपाटातलं पाणी हवेत नसतं, ते कपड्यांच्या घड्यांमध्ये असतं. आपण काळजी करतो हवेची, आणि साठा असतो कपड्यात. आईच्या शालीच्या बाबतीत माझं हेच चुकलं. लोकर हाताला कोरडी लागली म्हणून मी ती पिशवीत बंद केली, आणि तिच्या पोटातलं सगळं पाणी तिच्याबरोबर कोंडलं.

म्हणून दमट घरात कपड्यांची खरी राखण कपाटाचं दार लावायच्या आधी होते. दार लावताना कपड्यात जेवढं पाणी असेल, पुढचे महिने त्याचेच.

वाळलेला कपडा आणि कोरडा कपडा

दोरीवरून काढलेला कपडा वाळलेला असतो. कोरडा असेलच असं नाही. शर्टाचा घोळ दोन तासांत वाळतो, पण कॉलर, कफ, खिशाचं अस्तर, पँटचा नेफा, जाड शिवणी इथे कापडाचे तीन-चार थर असतात आणि तिथलं पाणी सर्वांत शेवटी जातं. वासही तिथूनच सुरू होतो. कपडा तपासायचा तर नेफा आणि शिवण तपासा, पाठ नको.

हाताचा तळवा यात फसतो, त्यापेक्षा गाल किंवा वरचा ओठ भरवशाचा. कपडा गालाला लावल्यावर गार लागला तर पाणी अजून उडतंय असं समजा, कारण उडताना पाणी उष्णता खेचून घेतं. याहून पक्की खात्री हवी तर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. जाड कपडा तोलून आकडा लिहून ठेवा, तासभर हवेशीर कोरड्या जागी टांगा, पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर कपडा अजून वाळतोय. बराच काळ ठेवायच्या लोकरी आणि जाड सुती कपड्यांसाठी हा खटाटोप नक्की करावा असं मी म्हणेन. रोजच्या कपड्यांना त्याची गरज नाही.

कपडे दोरीवरून कधी काढायचे यालाही फार महत्त्व आहे. दिवसभरात हवेतली एकूण वाफ फारशी बदलत नाही, पण तापमान बदलतं, त्यामुळे दमटपणा पहाटे सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असतो. दुपारी कोरडा झालेला कपडा संध्याकाळपर्यंत दोरीवर राहिला तर पुन्हा सादळायला लागतो. ठेवणीतले कपडे दुपारीच उतरवा, सावलीत थोडे निवू द्या आणि लगेच घड्या घालून आत ठेवा. सकाळी वाळवून रात्री सवडीने घड्या घातल्या तर सकाळची अर्धी मेहनत वाया जाते.

इस्त्री उपयोगी पडते, कारण तिच्या उष्णतेने उरलेलं पाणी निघून जातं. पण वाफेच्या इस्त्रीने उलट पाणी आत जातं. ठेवणीच्या कपड्यांवर शेवटचा हात वाफ बंद करून फिरवा, आणि गरम कपडा लगेच घड्यांच्या ढिगात खुपसू नका. दहा-पंधरा मिनिटं हँगरवर राहू द्या.

कपडे घरातच वाळवावे लागत असतील तर तिथेही एक हिशोब आहे. मशीनने पिळून काढलेल्या पाच किलो कपड्यांत साधारण अडीच लिटर पाणी उरतं. ते सगळं खोलीच्या हवेत जातं आणि तिथून भिंती, गाद्या, कपाटातले कपडे ते पिऊन टाकतात. ज्या खोलीत ठेवणीचं कपाट आहे त्या खोलीत कपडे वाळत घालू नका. दुसरा इलाजच नसेल तर कपडे एकमेकांपासून लांब टांगा, पंख्याचा झोत थेट त्यांच्यावर सोडा आणि कपाटाचं दार घट्ट लावून ठेवा. जितके लवकर वाळतील तितका त्या चिवट जिवाणूला वेळ कमी मिळेल.

“पण मी तर भरपूर साबण घालून धुते”

तिथेही गडबड होऊ शकते. जास्त साबणाने जास्त स्वच्छता येत नाही. खळबळून न निघालेला साबण धाग्यात बसतो, ओल धरून ठेवतो, घामातेलाचा अंशही धरून ठेवतो. कपडा मऊ करणाऱ्या द्रवाचंही तेच: तो धाग्यावर पातळ थर चढवतो आणि टॉवेलसारख्या जाड कपड्यात हे थर साठत जातात. ठेवणीच्या कपड्यांना शेवटच्या धुण्यात साबण मोजून घाला, मऊ करणारा द्रव टाळा आणि एक खळबळणं जास्त करा.

कपडा एकदाच, तासाभरासाठी घातला असेल तर तो धुवायचा की तसाच ठेवायचा? धुवायचा. डोळ्यांना न दिसणारं त्वचेचं तेल त्यात गेलेलंच असतं, आणि सहा महिन्यांत ते खवट होतं. धुता न येणारे भारी कपडे निदान दोन दिवस उलटे करून वाऱ्यावर टांगा, मगच ठेवा.

धुण्याचं मशीनही एकदा हुंगून बघा. दाराच्या रबराच्या घडीत आणि साबणाच्या खणात काळपट बुळबुळीत थर असेल तर प्रत्येक धुण्यात तोच वास कपड्यांना लागतो. धुणं झालं की मशीनचं दार उघडं ठेवायचं आणि रबर पुसून घ्यायचं, एवढं पुरतं.

हवा खेळती ठेवायची की सगळं बंद करायचं?

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतं कपाटाला हवा लागली पाहिजे. दुसरं म्हणतं सगळं हवाबंद करा. दोन्हींत तथ्य आहे, फक्त प्रसंग वेगळे.

बंद डब्यात किंवा पिशवीत कपडे ठेवले की आतला दमटपणा कपडेच ठरवतात, कारण पाण्याचा साठा त्यांच्याकडे आहे. कोरडे कपडे बंद केले तर आतली हवा कोरडी राहते आणि बाहेर कितीही पाऊस पडला तरी लवकर बिघडत नाही. ओलसर कपडे बंद केले तर आतली हवा महिनोन् महिने ओलसर राहते, कारण पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. प्लास्टिक भलं करत नाही की वाईटही करत नाही. तुम्ही ज्या अवस्थेत कपडा आत टाकला ती अवस्था ते टिकवून धरतं.

म्हणून माझं मत असं: ज्या कपड्यांच्या कोरडेपणाची पक्की खात्री आहे आणि जे अनेक महिने लागणार नाहीत, ते झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा. ज्यांची खात्री नाही आणि जे मधूनमधून लागतात, ते सुती पिशवीत किंवा उघड्या फळीवर ठेवा. लाँड्रीतून प्लास्टिकच्या आवरणात आलेले कपडे मात्र आवरण काढून थोडे वाऱ्यावर ठेवल्याशिवाय आत ठेवू नयेत. हवा खेचून चपट्या होणाऱ्या पिशव्या पॉलिएस्टरच्या पांघरुणांना ठीक आहेत. लोकर, पिसांचे कोट आणि चामडं त्यांत दाबून ठेवू नका, त्यांचा फुगीरपणा आणि आकार जातो.

कपाटाची जागाही बघा. बाहेरच्या भिंतीपासून ते पाच ते दहा सेंटिमीटर पुढे ओढा, म्हणजे मागे हवा फिरेल आणि कपाटाची पाठ निवणार नाही. त्याच भिंतीपलीकडे न्हाणीघर असेल तर जागा बदललेलीच बरी. सगळ्यांत खालचा खण जमिनीजवळ असतो, तो गारही असतो आणि दमटही. तिथे सुती-लोकरी कपडे ठेवू नका. कपाट तीन चतुर्थांशच भरा. ठासून भरलेल्या ढिगाच्या पोटात हवा पोहोचतच नाही.

आणि भिंतच ओली असेल, म्हणजे पाणी झिरपत असेल, जमिनीतून ओल चढत असेल, रंगाचे पोपडे सुटत असतील, तर वर सांगितलेलं सगळं करूनही यश येणार नाही. आधी ती गळती बंद करावी लागते. त्याबाबत टाळाटाळ करू नका, कारण प्रश्न नुसता कपड्यांचा नसतो. दमट, बुरशी लागलेल्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली यावर वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत.

खिडकी उघडली तर ओल जाईल ना?

बाहेरच्या हवेत आतल्यापेक्षा कमी वाफ असेल तरच. समजा बाहेर पाऊस पडतोय, तापमान २५ अंश, दमटपणा ९५ टक्के. त्या हवेत घनमीटरमागे २२ ग्रॅमच्या जवळपास वाफ आहे. आत ३० अंश आणि ६५ टक्के, म्हणजे २० ग्रॅमच्या आत. आता खिडकी उघडली की गार वारा सुखद लागेल, पण तुम्ही वाफ आत घेतलीत. याउलट बाहेर १० अंशांची थंडी आणि ९० टक्के दमटपणा असेल तर बाहेर फक्त साडेआठ ग्रॅम वाफ आहे. आत २० अंश आणि ६० टक्के असेल तर दहा ग्रॅमच्या वर. इथे टक्केवारी बाहेर जास्त दिसत असूनही खिडकी उघडल्याने घर सुकतं.

थोडक्यात, बाहेर गार आणि आत उबदार असेल तर उघडा. पाऊस आणि उकाडा एकत्र असेल तर कपाटाच्या खोलीची खिडकी लावलेली बरी. कपाट उघडं टाकायचा दिवस म्हणजे लख्ख उन्हाची, कोरड्या वाऱ्याची दुपार.

हवेतलं पाणी काढून घेणारं यंत्र घेणं परवडत असेल तर दमट घरातला तो सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मोठ्या यंत्राने रोज काही लिटर पाणी निघतं. खोलीचं दार-खिडकी बंद करून, कपाटाची दारं सताड उघडी ठेवून ते चालवायचं, म्हणजे कपड्यांतला साठाही हळूहळू उतरतो. घाई करू नका, घड्यांच्या पोटातलं पाणी बाहेर यायला दिवस लागतात. वातानुकूलन यंत्रही हवेतलं पाणी काढतं, पण खोली गार करतं, आणि ते बंद केल्यावर दमट हवा त्या गार कपड्यांवर येते हे लक्षात असू द्या.

कपाटात दिवा लावून ठेवतात तो उपाय बसच्या नियमावरच चालतो. २५ अंश आणि ८० टक्क्यांची हवा तीनच अंशांनी तापवली की दमटपणा ६८ च्या आसपास उतरतो. पाणी तेवढंच राहतं, बस मोठी होते. पण तापणारा दिवा कपड्यांजवळ ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. कपाटासाठीच बनवलेल्या, कमी तापणाऱ्या कांड्या मिळतात, त्या वापरा.

पुड्या, मीठ, कोळसा: किती भरवसा ठेवावा?

बुटांच्या खोक्यात सापडणाऱ्या छोट्या पुडीत सिलिका जेल असतं. ते आपल्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी धरतं. पाच ग्रॅमची पुडी म्हणजे दीड ग्रॅम, फार तर दोन ग्रॅम पाणी. आपल्या २० किलो कपड्यांच्या कपाटात २.४ लिटरवरून १.६ वर यायचं तर काढायचं आहे ते ८०० ग्रॅम. त्यासाठी अडीच-तीन किलो जेल लागेल. ओलसर कपड्यांत पुडी टाकणं म्हणजे भरलेल्या बादलीत चमचा बुडवणं. मात्र कोरडे कपडे घट्ट डब्यात ठेवले असतील आणि झाकणाच्या फटीतून थोडी वाफ येत असेल, तर तिथे मूठभर जेल उत्तम काम करतं. ते तापवून पुन्हा वापरताही येतं.

डब्यात पाणी साठवणारे जे शोषक मिळतात त्यांत बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं. ते स्वतःच्या वजनापेक्षा जास्त पाणी ओढतं आणि त्यात विरघळतं. ताकद भरपूर, पण साठलेलं खारट पाणी कपड्यावर सांडलं तर डाग पडतो आणि धातूची बटणं गंजतात. ते खालच्या फळीवर, न कलंडेल असं ठेवा आणि भरण्याआधी ओता. कपाटाचं दार नीट लागत नसेल तर मात्र ते सगळ्या खोलीची वाफ ओढत बसेल आणि दर आठवड्याला भरेल.

सक्रिय कोळसा पाण्यापेक्षा वास जास्त धरतो. खाण्याचा सोडा आंबूस वास थोडा कमी करतो. सुगंधी पुडी आवडत असेल तर जरूर ठेवा, पण कपडे कोरडे आहेत याची खात्री झाल्यावर. आधी ठेवली तर ती नाकाने दिलेली खबर दाबून टाकेल.

डांबरगोळ्यांबद्दल जरा स्पष्ट

डांबरगोळ्या कसरीसाठी असतात. लोकर आणि रेशीम खाणारी अळी त्यांच्या वाफेने मरते, तीही जागा बंद असेल तरच. कुबट वासावर त्या भरवशाचा इलाज नाहीत. माझ्या शालीवरच्या ठिपक्यांनी दोन गोळ्यांची पर्वा केली नाही.

शिवाय त्यांतलं नॅफ्थलीन आपल्यासाठीही निरुपद्रवी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते ‘माणसात कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात ठेवलं आहे. जी-६-पीडी नावाच्या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे किंवा दुपटी वापरल्याने रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा गंभीर त्रास झालेला आहे. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे घरच्यांना बहुतेकदा माहीत नसतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांत, गोधड्यांत, पांघरुणांत डांबरगोळी कधीही ठेवू नका. कसरीचा खरा बंदोबस्त म्हणजे कपडा धुऊन ठेवणं आणि डबा घट्ट लावणं.

वास लागलाच असेल तर

पांढरट भुरी किंवा ठिपके दिसत असतील तर कपडा घरात झटकू नका. बीजाणू खोलीभर उडतील. नाकाला मास्क लावून बाहेर न्या, उन्हात पूर्ण कोरडा होऊ द्या, मग मऊ ब्रशने झाडा. सुती कपड्यांना गरम पाणी चालत असेल तर ६० अंशांवर, ऑक्सिजन ब्लीच घालून धुवा. लोकर आणि रेशीम यांना हे ब्लीच आणि हे पाणी दोन्ही चालत नाही. व्हिनेगर आणि क्लोरीनचं ब्लीच मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू सुटतो. बुरशीने धाग्यात सोडलेला रंग काही वेळा जात नाही. तो घासून काढायच्या नादात कापड फाटतं, म्हणून एक-दोन प्रयत्नांनंतर थांबा.

नुसता वास असेल, डाग नसतील, तर आधी कपाट रिकामं करा. फळ्या ओल्या फडक्याने पुसल्या तर लाकूड पाणी पितं, म्हणून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि पंखा लावून दिवसभर उघडं ठेवा. कपाटात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. स्वस्त मापकात पाच-एक टक्क्यांची चूक असू शकते, ती घरीच तपासता येते: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन दोन-चार थेंब पाण्याने ओलसर करा, ते आणि मापक एका बंद पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठाभोवतीची हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ८० दाखवत असेल तर तो पाचाने जास्त दाखवतो, तेवढे वजा करत जा.

धुतलेले कपडे परत ठेवण्याआधी बॅगेची, ट्रंकेची, डब्याचीही परीक्षा घ्या, कारण अस्तरात मुरलेला वास ताज्या कपड्यांना दोन दिवसांत लागतो. एक स्वच्छ, पूर्ण कोरडा सुती रुमाल रिकाम्या बॅगेत टाकून ती दोन दिवस बंद ठेवा. मग रुमाल बाहेर काढून दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा. रुमालाला वास लागला असेल तर बॅग अजून उन्हात ठेवायची आहे.